तिसऱ्या बाकावरचा रुमाल

खाप्यात नवी घरं उठली, माणसं दुप्पट झाली, पण सकाळी नागपूरला जाणारी एसटी मेली एकच. सीताबर्डीच्या कापडदुकानात दिवसभर उभा राहणारा रुपराव गाडीतही दीड तास उभाच.

त्यात तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी, रोज कुणाचा तरी निळा रुमाल जागा धरून पडलेला. रुमालवाला कधी यायचा नाही, आणि तिथं कुणी बसायचंही नाही.

"काहून सोडून राहिले गा ही जागा?" रुपराव त्याच बाकावर बसलेल्या आनंदरावावर खेकसला.

"रुमाल हाय ना. येईन कोनी."

महिनाभर हेच. पायात गोळे येऊन येऊन डोकं फिरलं, तेव्हा एके सकाळी रुपरावनं रुमाल उचलून मांडीवर टाकला आणि बसला. रुमाल घामानं ओला होता. कोमटही.

कंडक्टर आला. आनंदरावाला तिकीट दिलं, मागच्याला दिलं. रुपरावनं पुढे केलेला हात तसाच राहिला.

पुढच्या थांब्यावर एक दमलेली बाई चढली. तिनं सरळ रुपरावकडे पाहिलं.

"इथं कोनी बसते काय, भाऊ?" तिनं आनंदरावाला विचारलं.

"रुमाल हाय ना, बाई," आनंदराव म्हणाला. "येईन कोनी."