जागीच मोठा होणारा दिवा

मनोऱ्यात बसणाऱ्या माणसाला आकाशातल्या प्रत्येक दिव्याची ओळख असते. निदान नोकरीच्या पहिल्या दिवशी तसं लिहून घेतात.

विमानतळावर संध्याकाळी गावातून फोन यायचे, उडती तबकडी दिसतेय म्हणून. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "शुक्र आहे तो." एक आजोबा तर रोज तबकडी बघत आणि रोज शुक्र ऐकून नाराज होत. मग आठवडाभर ढग आले आणि आजोबांना विश्रांती मिळाली.

त्या संध्याकाळी त्याच्या धाकट्या भावाचं टपालाचं छोटं विमान यायची वेळ कधीच टळून गेली होती. रेडिओवर नुसती खरखर. भावाची बायको वर मनोऱ्यात येऊन बसली होती. नियमात बसत नव्हतं, पण ती बसली होती. खाली धक्क्यावर शोधाची लाँच इंजिन चालू ठेवून उभी होती. उजेड अजून थोडा शिल्लक होता.

इतक्यात पश्चिमेला ढग फाटले आणि समुद्रावर, बरोबर धावपट्टीच्या रेषेत, एक दिवा दिसला.

"आला," तो म्हणाला. लाँचला त्याने कळवलं, "जाऊ नका. दिसला."

"दादा, पण हलत का नाहीये तो?"

"सरळ आपल्याकडे येणारा दिवा हलत नसतो. जागीच मोठा होतो."

खरंच होत होता. बाहेर अंधारत गेलं तसा तो झळाळत गेला.

"मग बोलत का नाहीत?"

"रेडिओ बिघडला असेल. नवा बसवून घे म्हणून कधीचा कानीकपाळी ओरडतोय. ऐकेल तर शपथ."

"माझं तरी कुठे ऐकतात," ती म्हणाली आणि जरा हसली. घरी सासूबाईंना फोन करून तिने पानं घ्यायला सांगितली.

तिने फोन ठेवला तोच तो वाजला. आजोबा होते. "साहेब, तबकडी आली."

"आज विमान आहे, आजोबा."

"चला, काहीतरी आहे एवढं तरी कबूल केलंत."

त्याने धावपट्टीचे सगळे दिवे लावले, घसा साफ केला आणि रेडिओवर उतरायची परवानगी दिली. ठरलेल्या शब्दांत दिली, आणि शेवटी, नियमाबाहेर, "सावकाश ये रे."

दिवा सावकाश, फारच सावकाश खाली आला. पाण्याजवळ तांबूस झाला. मग धावपट्टीच्या टोकापलीकडे, समुद्रात, आवाज न करता उतरला.

दोघं रिकाम्या धावपट्टीकडे बघत राहिली. लाँच निघाली तेव्हा पाणी कुठलं आणि आकाश कुठलं, काही कळत नव्हतं. सकाळी ती रिकामी परतली.

बदली माणूस मिळाला नाही म्हणून दुसऱ्या संध्याकाळीही तोच बसला होता. फोन वाजला.

"साहेब, तुमचं कालचं विमान परत आलंय."

"शुक्र आहे तो, आजोबा," तो म्हणाला. "अजून दोन महिने दिसेल."