जोडलेले हात

सून देवश्रीचं वागणं शेवंताक्कांच्या डोक्यात जात होतं. दोन वर्षांची नात सिद्धी हल्ली दिवसभर हात जोडून बसायची आणि ही बया दरवेळी ते सोडवायची. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या कानडी शेजारणीसुद्धा पोरीच्या भक्तीचं कौतुक करत होत्या.

"देवाचं वेड लागलं तर तुझं काय बिघडलं गं?"

"अक्का, जनुकांच्या धाग्याला चिकटून त्यांना गप्प ठेवणारं एक प्रथिन आहे. लॅबमध्ये मी त्यावरच काम करते. ते बिघडलं की मुलींचे हात असेच जुळतात. मग बोलणं जातं."

नातीच्या तोंडून 'आज्जी' ऐकून महिना झाला होता, हे अक्कांच्या आत्ता ध्यानात आलं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही," म्हणत देवश्रीनं पुन्हा सिद्धीचे हात सोडवले.

"तुला सगळं कळतं, म्हणून तुझे पाय उचलत नाहीत. मला काही कळत नाही. उद्या मी नेते."