श्रद्धांजलीच्या पानावरचा फोटो

आम्ही एका दैनिकाच्या वेबसाइटसाठी श्रद्धांजलीचं पान करत होतो. मजकूर ठरलेला; ब्राउझरमधून एक्सएसएलटी स्टाइलशीटला, म्हणजे पानाच्या साच्याला, नावाचा पॅरामीटर पाठवला की ते नाव पानावर उमटायचं.

चाचणीला माझा सहकारी राकेशने माझं नाव पाठवलं.

"जिवंत माणसाचं नाव टाकायला लाज नाही वाटत?"

"टेस्टिंग आहे, अक्षता. एवढं काय त्यात?"

माझं डोकंच फिरलं. मी त्याचं नाव पाठवलं.

नावाबरोबर त्याचा फोटोही आला. फोटोचा पॅरामीटर आम्ही केलाच नव्हता. अंगात आजचाच पांढरा शर्ट, छातीवर चहाचा ओला डाग.

मी वळून पाहिलं. शर्ट स्वच्छ होता.

"पुरे झाली तुझी नाटकं," राकेश चिडून म्हणाला आणि त्याने चहाचा कप उचलला.