चौकीमागचं दुकान

पहिली किंचाळी आली आणि शिंप्याने मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं. बायकोनेही आपलं मशीन सुरू केलं, तेही रिकामंच. पोलीस चौकीची मागची खिडकी दुकानासमोरच होती. पलीकडच्या चहावाल्याने रेडिओ मोठा केला. शेजारचा पीठगिरणीवाला तर सुखी जीव, त्याला एरवीही काही ऐकू येत नसे. गल्लीतली सगळी नाकासमोर चालणारी माणसं. आपण बरं नि आपलं काम बरं.

थोड्या वेळाने आवाज थांबला, मशीनंही थांबली. आणि दुकानाची पायरी चढून ती बाई आली.

शिंप्याने तिला लगेच ओळखलं. मुलाला उचलून नेल्यापासून ती हमरस्त्यावर चौकीच्या पुढच्या दाराशी उभी असे. मुलगा आमच्याकडे नाहीच, असं पोलीस तिला सांगत. कालच हवालदार पँटचं माप देताना म्हणाला होता, "ती म्हातारी दारात आहे तोवर साहेबांना जरा जपूनच राहावं लागतंय."

"दादा," ती म्हणाली, "तुमचं दुकान मागच्या बाजूला. माझ्या पोराचा आवाज कधी कानावर आला का?"

तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी कण्हायला लागलं. बायकोने घाईघाईने पॅडल मारलं.

"नाही मावशी," शिंपी मशीनच्या खडखडाटात मोठ्याने म्हणाला. "इथे कधीच काही ऐकू येत नाही."

आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं त्याला वाटलं. शिव्यांची त्याची तयारी होती. बाईचा चेहरा मात्र उजळला.

"मग तो इथे नाहीच. लहानपणापासून हळवा आहे हो. बोटाला काटा टोचला तरी घर डोक्यावर घेतो. इथे असता तर तुम्हाला ऐकू आलंच असतं. मीच वेडी, उगाच त्यांच्यावर संशय घेतला. दुसरीकडे शोधते." तिने शिंप्याच्या बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसथांब्याकडे निघाली.

बायकोचा पाय थांबला. "हाक मारा तिला."

शिंप्याने खुंटीवरच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? बस आली, बाई चढली. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाजेपायी कुणी बसमागे धावत नाही.

संध्याकाळी हवालदार पँट न्यायला आला. स्वारी खुशीत होती.

"कमाल केलीत मास्तर! आठवडाभर हाकलत होतो तिला. दम दिला, अंगावर पाणी ओतलं, जागची हलली नाही. तुमच्या दुकानातून निघाली ती थेट बसमध्ये. आता साहेब मोकळे. असं सांगितलंत तरी काय तिला?"

शिंप्याने पँटची घडी नीट केली.

"काही नाही," तो म्हणाला.