उंबऱ्यावरची हाक

"सगळ्यांना हाक मारली, मग मलाच का नाही?" इंदिराबाईंनी विचारलं.

रमाकांत हसला. "आगं, तू आधीच ट्रकात चढून बसली व्हतीस. देवांची टोपली मांडीवर घेऊन. आई म्हनली, ती बसलीय की, तिला कशाला हाक मारायची?"

दोघं भाऊबहीण आपल्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्याशी उभी होती. मे महिना होता. उजनीचं पाणी आटलं होतं आणि धरणाखाली गेलेलं जुनं गाव भेगाळलेल्या गाळातून वर आलं होतं. भिंती नव्हत्या. जोत्याचे दगड होते, आणि हा उंबरा.

इंदिराबाई बारामतीहून आल्या होत्या त्या आठवणी शोधायला. नात ओवीसाठी, पुढं तिच्या लेकरांसाठी, आपलं गावातलं लहानपण लिहून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. रोज पूजा झाली की त्या लिहायला बसायच्या. पण पहिलं वाक्य यायचं ते ट्रकाचंच. डिझेलचा वास, मांडीवर टोपली, तिच्यात किणकिणणारे देवांचे टाक. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं. गाव सोडलं तेव्हा त्या चौथीत होत्या. एवढं सगळं लहानपण गेलं कुठं?

सगळ्यात बोचायची ती आई. नव्या गावठाणातली आई त्यांना आठवत होती, भिंतीकडं तोंड करून निजलेली. जुन्या घरातली आई फक्त रमाकांतला ठाऊक होती. दळताना गायची, खळखळून हसायची, असं तो सांगायचा. पण ऐकीव काही लिहायचं नाही, असं इंदिराबाईंनी देवापुढं ठरवलं होतं.

हाकांचं रमाकांतला आज उंबरा पाहून आठवलं. गाव सोडताना बायका उंबऱ्यावर उभ्या राहून घरातल्या एकेकाला नावानं बोलावत होत्या. चल रं, चल गं. हाक मारली नाही तर माणूस जातं, पण जीव तिथंच घुटमळत राहतो म्हणायच्या.

"त्यात काय एवढं? नातवंडाची झालीस की चांगली," तो म्हणाला. "देवभोळी ती देवभोळीच!" आणि होडीकडं चालू लागला.

इंदिराबाई थांबल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. लांब काठाला होडीत ओवी बसली होती. भीमा होडीवाला तिला पक्षी दाखवत होता. इथला आवाज तिथवर जाणार नव्हता.

"इंदे," त्या हळूच म्हणाल्या. स्वतःचं नाव तोंडात परकं वाटलं. "चल गं. निघायचंय."

वारा पडला होता. गाळ नुसता तापत होता. बराच वेळ त्या उभ्या राहिल्या. काहीच आठवलं नाही.

चपला घालून त्या परत निघाल्या, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. साठीला टेकलेली बाई, दगडांशी बोलते! नाही तर नाही. ट्रकापासूनच सुरुवात करायची. आईचं पान कोरं राहू दे.

भीमानं हात दिला. "या ताई, बसा बिगीनं. ऊन लई झालंय."

रमाकांत टोकाला बसून पानाला चुना लावत होता. ओवी मधल्या फळीवर अगदी कडेला सरकली होती. तिच्या शेजारी जागा होती. इंदिराबाई तिथं टेकणार, तोच तिनं हात आडवा धरला.

"आजी, इथं नको. ही मुलगी बसलीय. तू रमाआजोबांजवळ बस." मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "खूप चिडलीय ती तुझ्यावर. म्हणते, एवढा उशीर का केलास?"