चौथा ठोका

उदयनच्या कॅसेटवरचं प्लास्टिक मी बत्तीस वर्षांनी नखाने फाडलं.

"ऐकणार आहेस, की परत कपाटात ठेवणार?" बायकोने विचारलं.

"किती वाईट आहे ते बघतो."

आमचा रॉक बँड सोडून या गायक महाशयांनी एकट्याने अल्बम काढला होता. ड्रमला मी नको होतो, मशीन चाललं. पोस्टाने मला कॅसेट मात्र पाठवली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. अल्बम भिकार आहे, हे मी गावभर सांगितलं होतं. न ऐकताच.

पाच गाणी ऐकली. माझंच बरोबर होतं. उदयनचा आवाज खणखणीत, पण मागे ते मशीन शिलाई मारल्यासारखं टकटकत होतं.

शेवटच्या गाण्यात मशीन नव्हतंच, नुसती गिटार. सुरुवातीला उदयनने आकडे मोजले, "एक, दोन, तीन..." चौथ्याला शांतता. मग तो गायला लागला.

बँडमध्येही तो तीनच मोजायचा. चौथा ठोका माझ्या स्टिकचा. तो पडल्याशिवाय पठ्ठ्या तोंड उघडत नसे.

मी कॅसेट मागे नेली, चहाचा चमचा उचलला.

"एक, दोन, तीन..."

मी स्टीलच्या पेल्यावर ठोका दिला. उदयन गायला लागला.

"बघ, आता कुठे गाणं पूर्ण झालं," मी बायकोला ऐटीत सांगितलं. "फोन लाव त्याला."