छप्पर आणि गाठ

बाईंनी पोरीची वही शिलाई मशीनवर ठेवली, तशी आत्याने मशीन थांबवली.

पानभर एकच ओळ होती. 'हे माझे धर.' घर कुठेच नव्हतं.

"सात वेळा गिरवून घेतलं," बाई म्हणाल्या. "दर वेळी घ चा ध होतो."

भाची कोपऱ्यात बटणं निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. उद्या वाचनाची परीक्षा. जमलं नाही तर मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही इथेच.

"डोक्यात कापूस भरलाय मेलीच्या," आत्या म्हणाली.

"नाही हो. अक्षरं तिच्या डोळ्यांना फसवतात, बोटांना नाही फसवणार. ही दोन जाड दोरीची शिवून द्याल?"

"अक्षरं शिवायची? ऐकावं ते नवलच! आमच्या बाई 'हात पुढे कर' म्हणाल्या की छडी बसायची. दुसरीतूनच पळाले मी. आणि इथे दोरीचे लाड!"

बोलता बोलता तिने डब्यातली दोरी काढलीसुद्धा.

बाईंनी काळ्या कापडावर खडूने दोन अक्षरं काढली. आत्या त्यावर दोरी बसवू लागली. पहिल्याच्या डोक्यावर दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. दुसऱ्याला ती मध्येच तोडावी लागली, वळवून तिथे गाठ घालावी लागली. आत्याने कापड उजेडात धरलं.

"बाई, ह्यांच्यात फरक आहे की हो!"

बाई हसल्या नाहीत. "कोणता?"

"ह्याला अख्खं छप्पर. ह्याचं छप्पर तुटकं, पण धरायला गाठ आहे."

"पहिलं घरातलं घ," बाई हळूच म्हणाल्या. "दुसरं धरातलं ध."

"मग बरोबरच आहे! घराला छप्पर, धरायला गाठ. एवढं सांगायला सात वेळा कशाला गिरवायचं?"

भाची कधी उठून आली कळलंच नाही. तिने डोळे मिटले आणि दोरीवरून बोट फिरवलं.

"छप्पर... घ. घर." मग दुसरं. "गाठ. ध."

आत्याने कापड उलटसुलट फिरवून तिला तीनदा चकवायला पाहिलं. पोरगी तीनदा पुरून उरली.

"उद्या हे कापड हातात चालेल ना, बाई?" आत्याचा आवाज एकदम उतरला होता.

"चालेल. बोटाने वाचलं तरी ते वाचनच."

भाचीने आत्याच्या मांडीवर कापड पसरलं. "आता तू. डोळे मीट."

"मला गं काय करायचंय या वयात?" म्हणत आत्याने डोळे मिटले.

"हात पुढे कर."

आत्याने हात पुढे केला. तळवा वर, बोटं एकमेकांना घट्ट चिकटवलेली.

पोरीने तो हळूच पालथा केला, आणि तिचं बोट गाठीवर ठेवलं.